शून्य अडखळ

त्या हॉलमध्ये बसलेली चाळीसेक माणसं एकच पान वाचत होती, आणि प्रत्येक जण ते पहिल्यांदाच वाचत होता. कालही त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं होतं. परवाही.

काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या निनाद उपळेकरांना हे सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी आधी माणसांकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे, आणि मग या लोकांना पगार महिन्यावर देता की पानावर, असं विचारलं. उपळेकरांचं डोकं असंच चालायचं. समोर हत्ती आणून उभा केला असता तर त्यांनी पहिल्यांदा त्याच्या चाऱ्याची चौकशी केली असती.

निनाद हे नाव एव्हाना म्हाताऱ्यांचं नाव झालं होतं. मंदार, निनाद, तन्मय अशी नावं आता पेन्शनच्या रांगेत ऐकू येत. उपळेकर स्वतः अजून पेन्शनीत गेले नव्हते, पण त्यांची मूत्रपिंडं त्यांच्या आधी निवृत्त झाली होती. योगायोग असा, की मिरजेच्या ज्या ‘धमनी’ कंपनीत ते नोकरीला होते, ती कंपनी घरगुती मूत्रपिंडयंत्रंच बनवायची. यंत्राचं नाव ‘निर्झर’. ट्रंकेएवढी पेटी, पलंगाशेजारी ठेवायची, रात्री दोन नळ्या जोडायच्या, झोपायचं, सकाळी रक्त धुऊन तयार. उपळेकरांच्या पलंगाशेजारीही तीच पेटी होती. कर्मचाऱ्यांना ती सवलतीत मिळते हे कंपनीत सगळ्यांत आधी त्यांनीच शोधून काढलं होतं, तेही दुखणं सुरू होण्यापूर्वी.

मात्र पेटीवर आता फार दिवस निघणार नव्हते. हृदय साथ देईनासं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, की नवं मूत्रपिंड बसवा, वर्षाच्या आत, आणि जुळणारं माणूस तुमच्या घरातच आहे. सरकारी जनुकनोंदणीत उपळेकरांच्या धाकट्या बहिणीचं, शर्वरीचं रक्तमांस त्यांच्याशी असं जुळत होतं की जणू जुळी भावंडं. कायद्याने डॉक्टरांना तिच्याकडे शब्द टाकता येत नव्हता. विचारायचं ते रुग्णानं स्वतः.

आणि उपळेकरांना विचारवत नव्हतं. वडील गेल्यावर विश्रामबागचा फ्लॅट त्यांनी आपल्या नावावर करून घेतला, तेव्हा शर्वरीनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. बहिणी करतात तशीच. माहेर टिकावं म्हणून, कागद न वाचता. “कुठं करू रे दादा?” एवढंच तिनं विचारलं होतं. तेव्हापासून दर भाऊबीजेला ते तिला साडी घेत, जरा बरीच घेत, आणि आपल्यापुरता हिशेब मिटला असं समजत. पण मिटलेला हिशेब पुन्हा उघडून त्यात मूत्रपिंड मागायचं, म्हणजे त्यांच्यासारख्या माणसालाही जड होतं. बायको सानिका रोज रात्री नळ्या जोडताना एकच विचारायची, बोललास का शरूशी? ते डोळे मिटून झोपेचं सोंग घेत.

त्या दिवशी ते पुण्यात, पाषाणच्या टेकडीमागे आले होते ते मात्र कंपनीच्या कामासाठी. उपळेकर धमनीच्या माहितीपुस्तिका विभागाचे प्रमुख होते. पेटीसोबत कागद येत नसे. पुस्तिका ऑनलाइन असे, नऊ हजार पानांची, बावीस भाषांतली, दर महिन्याला कुठेतरी बदलणारी. तिच्यातलं एक पान, नळीत हवेचा बुडबुडा आला तर काय करायचं याचं, एका घरात एका मुलानं चुकीचं समजून घेतलं, आणि त्याचे वडील गेले. पानात चूक नव्हती. शब्दन् शब्द बरोबर होता. संचालक मंडळानं शोक व्यक्त केला आणि पुस्तिकेसाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. दोन्ही एकाच ठरावात.

सॉफ्टवेअरं तीन होती. पहिलं ‘पर्णिका’. ते पुस्तिकेचे तुकडे करून ठेवायचं. ‘हात साबणाने धुवा’ हा तुकडा एकदाच लिहायचा, तो शेकडो पानांत आपोआप जाऊन बसायचा. एका जागी बदलला की सगळीकडे बदलायचा. नीटनेटकं आणि स्वस्त. पण लिहिलेलं कुणाला कळलं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दुसरं ‘वाचाळ’. त्यात पानंच नव्हती. प्रश्न विचारा, ते बोलून उत्तर देई. गोड बोले, पण फार बोले. बापाच्या नळीत बुडबुडा बघून थरथरणाऱ्या माणसाला ते आधी धीर देई, मग तीन पर्याय सांगे. उपळेकरांनी त्याची चाचणी घेतली होती, आणि तिसरा पर्याय येईपर्यंत चाचणीतला रुग्ण कागदोपत्री वारला होता.

तिसरं ‘नवखा’, जे बघायला ते इथे आले होते. ते बनवणाऱ्या डॉ. ओवी देवस्थळी मेंदूशास्त्रज्ञ होत्या. पस्तिशीच्या, बारीक, समोरच्याला वाक्य पुरं करू देणाऱ्या. ही सवय उपळेकरांना आवडली. दारावर डॉ. ओवींनी त्यांचा फोन ठेवून घेतला, पाहुण्यांसाठी असलेला एक करार पुढे केला, आणि उपळेकरांनी त्यावर सही ठोकली. पुस्तिका लिहिणारी माणसं दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत नाहीत. या धंद्यातली ती जुनी रीत आहे. हलवाई मिठाई खात नाही तसं.

डॉ. ओवींनी काचेपलीकडच्या माणसांकडे बोट दाखवून त्यांना समजावलं, की पुस्तिका लिहिणाऱ्याची अडचण अज्ञानाची नसते, ज्ञानाची असते. त्याला सगळं माहीत असतं, त्यामुळे न कळणाऱ्याला कुठं कळत नाही ते त्याला दिसत नाही. म्हणून पान तपासायला काहीही माहीत नसलेला माणूस बसवावा लागतो. पण असा माणूस एका वाचनात शहाणा होतो. मग तो बाद. पान दुरुस्त केलं, की नवा अडाणी शोधा.

“प्रथमवाचन म्हणतो आम्ही त्याला,” डॉ. ओवी म्हणाल्या. “माणूस कुठलंही पान पहिल्यांदा एकदाच वाचतो. जगात सगळ्यात लवकर संपणारा माल आहे हा. आम्ही तो संपू देत नाही.”

“विसरायचं औषध देता.”

“विसरायला आधी लक्षात राहावं लागतं. तुम्ही दुधाला विरजण लावलं आणि भांडं हलवत बसलात, तर दही लागत नाही. ते नासलं असं कुणी म्हणत नाही, ते लागलंच नाही. मेंदूत आठवण अशीच लागते, सावकाश, तास-दोन तास घेऊन. त्यांच्या कानामागं पट्टी दिसतेय? ती भांडं हलवते. फार हळू. पट्टी चालू केली की मागचा तास-दीड तास अविरज राहतो, म्हणजे लागतच नाही. दहाएक मिनिटं डोळा लागतो, माणूस जागा होतो, त्याला वाटतं आत्ताच येऊन बसलो.”

वाचन चालू असताना सॉफ्टवेअर आपलं काम करत असे. वाचणाऱ्याची नजर कुठे मागे वळली, श्वास कुठे थांबला, बोट कुठे घुटमळलं, ते ते टिपायचं. अशा प्रत्येक घुटमळण्याला ‘अडखळ’ म्हणत. अडखळ सापडली की तेवढं वाक्य बदलायचं, माणूस अविरज करायचा, आणि त्यालाच ते पुन्हा पहिल्यांदा वाचायला द्यायचं. माणूस तोच, डोकं तेच, बदललं ते फक्त वाक्य. त्यामुळे दोष कुणाचा याबद्दल वाद उरत नाही. असं करत करत पान शून्य अडखळीला आणायचं.

“आणि शून्याला आलेल्या पानाची खूण काय, माहितीय?” डॉ. ओवी म्हणाल्या. “वाचणारा म्हणतो, यात वाचायचं काय होतं, हे मला माहीतच होतं.”

उपळेकरांनी दोन-तीन शंका काढल्या. त्यांची उत्तरं इतकी नेमकी आली की शंका काढल्याचीच त्यांना थोडी लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. बाहेर आले तर संध्याकाळ झालेली. घसा बसला होता. तो त्यांनी एसीच्या खात्यावर टाकला. मिरजेपर्यंतच्या प्रवासात, कितीतरी दिवसांनी, त्यांना आपण एखादी गोष्ट अगदी बरोबर केली असं वाटत राहिलं.

तिन्हींत महाग नवखाच होतं. वित्त विभागाचे साहेब पर्णिकेवर अडून बसले होते. पण बैठकीत उपळेकरांच्या तोंडून मुद्दे असे धाडधाड बाहेर पडले, की साहेबांचा एकेक आक्षेप अर्ध्यातच गळाला. आपण इतके छान बोलतो हे उपळेकरांना नव्यानेच कळलं.

करारावर सह्या करायला डॉ. ओवी मिरजेला आल्या. नंतर दोघं कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायला बसले. उपळेकरांच्या ताटात बिनमिठाची भाजी होती. त्यांनी ताकाचा पेला उचलला आणि म्हणाले, “एक राहिलंच विचारायचं...”

“पट्टीचा दुष्परिणाम नाही,” डॉ. ओवी म्हणाल्या. “आणि असला तर विम्यात बसतो.”

“मी अजून विचारलं कुठे?”

“पाषाणला विचारलं होतंत.”

“नाही विचारलं.”

डॉ. ओवींनी पोळीचा घास सावकाश संपवला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की पाहुण्यांच्या करारात हे लिहिलेलं आहे, आणि करार झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचं हा त्यांच्या कंपनीचा नियम आहे. आपण फसवत नाही. त्या दिवशी उपळेकर सकाळपासून तिथे होते. काचेपाशी उभे राहून त्यांनी हीच माहिती ऐकली, नाही म्हणाले, पाहुण्यांच्या खुर्चीत, जिच्या उशीतच पट्टी होती, जरा टेकले, आणि उठल्यावर पुन्हा पहिल्यांदा काचेपाशी उभे राहिले. किती वेळा, ते डॉ. ओवींनी सांगितलं नाही. आकडा ऐकला की माणसं आकड्यावर चिडतात, म्हणाल्या, मूळ गोष्ट राहते बाजूला.

उपळेकर ताकाचा पेला धरून संतापाची वाट बघत बसले. संताप आला नाही.

“पहिल्यांदा मी काय म्हणालो?”

“चोर म्हणालात. माणसाच्या डोक्यात हात घालणारे चोर. टेबलावर हात आपटून.”

उपळेकरांना त्या माणसाबद्दल आदर वाटला. “मग?”

“मग तुम्ही ज्या वाक्याला चिडलात ते काढलं. नंतर दुसऱ्याला चिडलात, तेही काढलं. दुपारी जेवून आल्यावर तुम्ही नुसतेच गप्प बसायला लागलात. शेवटी शेवटी तुम्हीच मला पटवून देत होतात. तुमच्या बैठकीत काय बोललात तेही तिथलंच असणार.”

दुसरा कुणी चिडला असता, निदान जेवण टाकून उठला असता. उपळेकरांनी जमाखर्च मांडला. सॉफ्टवेअर उत्तम आहे. त्यानं माणसं वाचतील. होकार आपला नसेलही, पण तो चुकीचा नाही. नकार आपले होते, पण ते आता आपल्यापाशीही नाहीत. मग नुकसान नक्की कुणाचं झालं? त्यांनी खूप शोधलं, त्यांना कुणी सापडेना. आणि हे सापडत नाही असं बघताच त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका सरळ, इतका अडखळ नसलेला होता, की आपल्याला हे आधीच कसं सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

त्यांनी डॉ. ओवींना विचारलं, की हे फक्त लिहिलेल्या पानाला लागू पडतं, की बोलून विचारायच्या गोष्टीलाही? कशासाठी, तेही सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. विकणाऱ्याला आपल्या वस्तूची किंमत कळलेली बरी.

डॉ. ओवींनी मटकीच्या उसळीत चमचा फिरवला. नैतिकतेचं काही बोलतील अशी उपळेकरांनी तयारी ठेवली होती. त्या वेगळंच बोलल्या.

“चालेल. पट्टीला काय, शब्द लिहिलेला आहे की बोललेला, फरक नाही. पण एक ध्यानात घ्या. तिच्याकडं काही राहणार नाही. तुमच्याकडं सगळं राहील. आमच्याकडं समोर बसून नकार ऐकणारी माणसं असतात ना, ती टिकत नाहीत. चांगला पगार सोडून जातात.”

उपळेकरांनी कराराच्या नूतनीकरणाच्या तारखेची आठवण करून दिली. ते नूतनीकरण त्यांच्याच सहीवर अवलंबून होतं. डॉ. ओवींनी मिरजेतच, कंपनीत, पट्टी आणि पडदा बसवून एक लहान खोली तयार करून द्यायचं कबूल केलं.

शर्वरी सांगलीला महानगरपालिकेच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायची. नवरा आखातात गेला तो तिकडचाच झाला, मूलबाळ नव्हतं. उंच, रुंद खांद्यांची, केस कायम ओलसर. कंपनीत वाचक हवेत, बसल्या बसल्या पैसे मिळतात, असं दादाचं सांगणं आलं, तेव्हा ती सकाळची बॅच आटोपून हसत आली. कानामागे पट्टी लावून घेताना म्हणाली, “मला काही कळत नाही यातलं.” तशीच माणसं लागतात, असं तिला सांगण्यात आलं.

पहिल्या वेळी उपळेकरांनी सगळं खरं सांगितलं. आजार सांगितला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, फ्लॅटची माफीसुद्धा मागितली. मनापासून मागितली, निदान त्या वेळी त्यांना तसं वाटलं. शर्वरीनं ऐकून घेतलं. किती महिने पाण्यात उतरता येणार नाही ते विचारलं. मग म्हणाली, की दादा, नाही. माझं शरीर हेच माझं दुकान. मी आडवी पडले तर मला तांब्याभर पाणी द्यायला कोण आहे? तू रागावू नकोस. तिचे डोळे भरले होते.

उपळेकरांनी पट्टीचं बटण दाबलं. शर्वरीचा डोळा लागला. पडद्यावर अडखळी उमटल्या होत्या, लाल ठिपक्यांच्या रूपात. सर्वांत मोठा ठिपका माफीवर होता. त्यांनी माफी काढून टाकली.

पुढे ती रोज येत राहिली आणि ते रोज पहिल्यांदा विचारत राहिले. सानिकाचं नाव घेतलं तर अडखळ वाढली, सानिका गेली. आईची आठवण काढली तर शर्वरी रडली, पण रडून नाहीच म्हणाली, आई गेली. आपण मरू असं म्हटल्यावर तिनं त्यांचा हात धरला, कपाळाला लावला, आणि तरी नाही म्हणाली. पैसे देऊ केले त्या दिवशी ती इतकं लागट बोलली, की तिला इतकं सगळं इतकी वर्षं आठवत होतं हे उपळेकरांना त्या दिवशी कळलं. हक्कसोडाच्या दिवशी त्यांनी कुठला शर्ट घातला होता, हेसुद्धा. त्यांनी घाईनं बटण दाबलं. ती जागी झाली आणि म्हणाली, “बसल्या बसल्या डोळा लागला बघ, दादा. घरी सगळे बरे?”

एका दिवशी मात्र वेगळंच झालं. उपळेकर थकले होते. रात्री पेटीनं नीट धुतलं नव्हतं, पाय सुजले होते. त्यांनी काही सजवलं नाही, नुसतं विचारलं, देशील का म्हणून. 

“मला एकदा नाही म्हणू दे, दादा,” ती म्हणाली. “मी तुम्हाला कुणालाच कधी नाही म्हटलेलं नाही. बाबांना नाही, तुला नाही, त्या गेलेल्याला नाही. मला येतं की नाही तेच मला माहीत नाही. म्हणून बघू?”

आणि ती म्हणाली. मोठ्यानं नाही, रागानं नाही. म्हणाली आणि थांबली, जणू आपलाच आवाज ऐकत होती. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असं पसरलं, की उपळेकर बघत राहिले. लहानपणी तलावाच्या वरच्या फळीवरून तिनं पहिली उडी मारली आणि पाण्याबाहेर डोकं काढलं, तेव्हाही ती अशी दिसली नव्हती. ती हसली. उठून तिनं त्यांना मिठी मारली. म्हणाली, “बरं वाटलं रे. तू विचारलंस ते बरं झालं. आता मी तुझ्याकडं दिवाळीला येईन ना, ती खरी येईन.”

हे पहिल्या दिवसापासून धरलं तर तिचं कितवं नाही होतं, हे उपळेकरांना माहीत होतं. तिच्या लेखी ते आयुष्यातलं पहिलं होतं.

त्यांचा हात बटणावर काही वेळ तसाच राहिला. घरी सानिका वाट बघत होती, डॉक्टरांची मुदत सरत होती, पायांत पाणी भरलं होतं. शिवाय, त्यांनी स्वतःला समजावलं, हिला हा आनंद पुन्हा मिळूच शकतो. उद्या परत विचारू. त्यांनी बटण दाबलं. झोपेत शर्वरीचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच विचारलं, शब्दन् शब्द तसाच. ती नाही म्हणाली, पण नुसतीच, तांब्याभर पाण्याची गोष्ट काढून. ते हसणं काही आलं नाही.

त्या रात्री त्यांनी सगळ्या अडखळी सॉफ्टवेअरपुढे ठेवल्या आणि काय बदलू असं विचारलं. त्यानं एका ओळीत सांगितलं. विनंती काढून टाका.

उपळेकरांना आधी कळलं नाही. मग कळलं. नऊ हजार पानं लिहून आपल्याला एवढं माहीत नव्हतं याची त्यांना लाज वाटली.

पुढच्या खेपेला त्यांनी काहीच मागितलं नाही. शर्वरी बसल्यावर तलावाचं विचारलं, क्लोरीननं डोळे जळतात का ते विचारलं. मग सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की डॉक्टर म्हणतात जुळणारं कुणीतरी आहे, पण मी कुणाकडं हात पसरणार नाही. खूप घेतलं लोकांचं आजवर. आता घ्यायचं नाही. एवढं बोलून ते थांबले, कारण इथं थांबायचं होतं.

“कुणाचं जुळतंय?” शर्वरीनं विचारलं.

सांगायचं नाही, अशी त्यांनी मान हलवली.

“माझंच असणार की,” ती म्हणाली. “माझं असेल तर मग प्रश्न काय आहे? घे.”

पडद्यावर एकही ठिपका नव्हता. उपळेकरांनी या वेळी बटण दाबलं नाही. भांडं स्थिर ठेवलं आणि तास-दोन तास तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत बसले, आठवण नीट लागेपर्यंत.

मूत्रपिंड देणाऱ्याची मुलाखत घ्यायला सरकारी समिती असते. कुणी दबाव आणला का, फसवलं का, हे ती पाहते. उपळेकरांना दाराबाहेर बसवलं होतं, पण दार लोटलेलंच होतं. अध्यक्ष बाईंनी विचारलं, की भावानं तुम्हाला किती वेळा विचारलं?

“विचारलंच नाही हो त्यानं,” शर्वरी म्हणाली. “तो घ्यायलाच तयार नव्हता. मीच म्हटलं.”

“विचार करायला वेळ घेतलात?”

“यात विचार काय करायचा? मला माहीतच होतं.”

 नंतर समितीतल्या एका गृहस्थांनी बाहेर येऊन उपळेकरांचा हात हातात घेतला, आणि अशी भावंडं हल्ली बघायला मिळत नाहीत, असं सांगितलं. कानाखालच्या नाडीपासून डोळ्यांच्या बाहुलीपर्यंत तपासणारं यंत्र शर्वरीला लावलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्याइतकं खरं त्या दिवशी त्या इमारतीत कुणीच बोललं नव्हतं.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पहिल्याच दिवशी लघवी झाली. सानिकानं ती भरलेली पिशवी बघून नमस्कार केला. इकडे धमनीची पुस्तिकाही पानापानानं शून्याला येत होती. बुडबुड्याचं पान आलं, नळी निसटल्याचं आलं, वीज गेल्याचं आलं. दूर कुठल्या खेड्यात घाबरलेली मुलं ती पानं उघडत, आपल्याला हे माहीतच होतं असं वाटून बोटं चालवत, आणि बाप सकाळी उठून चहा मागत. वित्त विभागाच्या साहेबांनीही आपली चूक कबूल केली. उपळेकरांच्या सहीनं करार नव्यानं झाला.

फक्त उपळेकरांना एक नवी सवय लागली. कुणी त्यांच्याशी चटकन सहमत झालं, की ते दचकत. दुकानदार, शेजारी, सानिका, कुणीही. आणि आपल्या तोंडून होकार गेला, की तो कितवा असेल, असं त्यांच्या मनात येई. पाषाणला पुन्हा कधी बसवलं होतं का, असं त्यांनी डॉ. ओवींना एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, आता गरज काय?

इस्पितळातून सुटायच्या आदल्या दुपारी सानिका औषधं आणायला गेली होती. दोघा भावंडांचे पलंग शेजारी शेजारी होते. शर्वरी कुशीवर वळू शकत नव्हती. छताकडे बघत पडली होती. तांब्याभर पाणी तिच्या उशाशी होतं, ते तिला ओतून द्यायला उपळेकर उठले आणि पेला देऊन तिथेच उभे राहिले. खोलीत पट्टी नव्हती, बटण नव्हतं. त्यांना एकाएकी ती दुसरी शर्वरी पाहावीशी वाटली. तहान लागावी तशी.

“शरू,” ते म्हणाले, “समज, मी तुला सरळ विचारलं असतं. देशील का म्हणून, तोंडावर. तर तू नाही म्हणाली असतीस?”

“म्हणजे?”

“नको वाटत असतं तर. म्हणाली असतीस की नाही?”

शर्वरीला हसू आलं. हसल्यावर टाके दुखले, म्हणून तिनं पोटावर हात ठेवला.

“मी? आणि तुला?” ती म्हणाली. “मला आयुष्यात जमलं नाही रे ते, दादा. ते मला यायचंच नाही.”

उपळेकरांनी पेला परत तिच्या उशाशी ठेवला. तिला ते किती छान यायचं, हे जगात आता त्यांना एकट्याला माहीत होतं.